सोंदूर कोण बांधणार?

लिंबची विहीर

साताऱ्याहून पुण्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर महामार्ग सोडून लिंब गावाकडे वळता येते. तिथली बारा मोटांची विहीर हल्ली चांगलीच प्रसिद्धीला आली आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळात श्रीमंत विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शाहू महाराजांची गादी साताऱ्यात स्थिरावल्याचा तो काळ. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी आयताकृती आणि दोहोंच्या मध्ये चक्क एक छोटा महाल. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. हा सगळा खटाटोप भोवतालच्या आमराईला पाणी मिळावे म्हणून. नाव बारा मोटांचे असले तरी वर मोटा लावण्याच्या जागा पंधरा आहेत.

सुटीच्या दिवशी इथे तरुणांची झुंबड असते. कोरीव शिल्पे, जिना, महालाच्या कमानी, सगळ्यांचे फोटो निघतात. मोटा जिथे लागत त्या जागेपाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. दगड आहेत; चाक, दोर, बैल आणि माणूस नाही. पाणी वर कसे येत होते, असे विचारले तर बहुतेक जण ‘बैल ओढायचे’ एवढे सांगतात. ते खरेच आहे, पण अर्धेच. ओढून वर आणलेले पाणी बाहेर ओतायचे कोणी?

या लेखाचा विषय तो उरलेला अर्धा भाग आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हाताने आणि बैलाने चालणारी यंत्रे वापरलीही गेली आणि कारखान्यात घडवलीही गेली. त्यामुळे एखादे तंत्र विसरले जाते म्हणजे नेमके काय होते, हे पाहायला याहून सोयीची जागा नाही.

मोट चालायची कशी

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, एवढे सांगून शाळेची पुस्तके थांबतात. या पिशवीला वर रुंद तोंड असते आणि खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. दोन्ही बाजू उघड्याच. तोंडाला लोखंडी कडे असते आणि त्याला जाड दोर बांधतात, तो नाडा. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा जातो काठापासून चांगल्या उंचीवर बसवलेल्या चाकावरून, तर सोंदूर जातो अगदी काठालगतच्या आडव्या लाकडी रुळावरून. शेवटी दोन्ही दोर बैलांच्या जुवाला येऊन मिळतात.

खरी करामत या दोन दोरांच्या लांबीत आहे. भरलेली मोट वर येत असताना सोंड दुमडून तिचे टोक मोटेच्या तोंडाच्या पातळीला राहिले पाहिजे. तसे राहिले तर खालून उघडी असूनही मोट सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंडेचे टोक आधी रुळावर चढते आणि बाहेर, थारोळ्याच्या म्हणजे पाणी झेलणाऱ्या कुंडाच्या बाजूला ओढले जाते. नाड्याला लागलेली मोट मात्र अजून वर, चाकाकडे चाललेली असते. क्षणात मोट वर आणि सोंड खाली, अशी उलटापालट होते आणि सगळे पाणी आपसूक थारोळ्यात पडते. तिथून पाटात, पाटातून वाफ्यात. झडप नाही की चाप नाही, आणि काठावर ओतायला दुसरा माणूसही लागत नाही.

सोंदूर वीतभर जरी लांब राहिला तरी सोंड लोंबते आणि निम्मे पाणी पुन्हा विहिरीत. आखूड झाला तर मोटेचा भार सोंडेवर येतो आणि शिवण उसवायची भीती. त्यात वाखाचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल होतो. तेव्हा एकदा बांधला आणि झाले, असे हे काम नव्हे. मोटकऱ्याची नजर बैलांवर असली तरी कान थारोळ्याकडे असे. पाणी पडल्याच्या आवाजावरून त्याला कळे, मोट भरून आली की सांडत आली.

धावेचा हिशेबही असाच नेटका. धाव म्हणजे विहिरीपासून दूर उतरत गेलेली वाट. बैल ओझे ओढतात ते उतारावरून, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही कामी येते. मोटकरी उतरताना नाड्यावर बसे, त्याचे वजन आणखी जादा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले तरी बैलांना पुरेशी वाट मिळावी म्हणून धावेची लांबी विहिरीच्या खोलीला धरून ठेवत. मोट रिकामी झाली की बैल तोंड न फिरवता मागच्या मागे चढ चढत आणि मोट पुन्हा पाण्याला लागे.

बैलाला मागे सरायला शिकवणे हे स्वतंत्र कसब होते. माण, खटाव, आटपाडी, जत हा खिलार बैलांचा मुलूख. खिलार आजही आहे आणि तरुणांना त्याचे वेडही आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मान्यता देणारा राज्याचा कायदा कायम ठेवल्यापासून तर गावोगाव मैदाने भरतात. वीस वर्षांचा पोरगा बैलाचा खुराक, खांदा, खूर यांवर तासभर बोलेल. पण शर्यतीचा बैल पुढे पळायला शिकतो. धावेवर मागे सरणारा बैल आता शोधूनही मिळायचा नाही.

कष्ट आणि जात

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी: मोट गेली ते चांगलेच झाले. दीडशे लिटरची मोट आणि तासाला पन्नास फेऱ्या असा ढोबळ हिशेब धरला तर तासाला साडेसात हजार लिटर पाणी निघते. पाच अश्वशक्तीचा साधा पंप तेवढे पाणी अर्ध्या तासाच्या आत काढतो. मोट धरायची तर पहाटेच्या आधी उठायचे, ऊन चढेपर्यंत चालवायचे, तिकडे घरातले कोणीतरी दारे मोडत चिखलात उभे, आणि एवढे करून भिजायचे किती, तर काही सारे. मोटेवरच्या गाण्यांचे कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तासन्‌तास एकच काम करणाऱ्याला गाण्यावाचून दुसरा विरंगुळा नव्हता.

शिवाय हे ज्ञान जातीजातींत वाटलेले होते. कातडे कमावणारे वेगळे, मोट शिवणारे वेगळे, चाक सुताराचे, कडे लोहाराचे, आणि वाखाचे दोर वळायचे मातंगांनी. त्याचा मोबदला बलुत्यात, तोही मालकाच्या मर्जीने. दोर वळणाऱ्याच्या नातवाने ती विद्या टाकून शाळेची वाट धरली, तर त्याला ‘परंपरा विसरला’ म्हणून बोल लावायचा अधिकार कोणाला नाही. नवी पिढी आळशी झाली म्हणून हात विसरले, ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. मोट टाकली ती आजच्या मुलांनी नव्हे, त्यांच्या आजोबांनी. आधी इंजिन आले, मग १९६०च्या दशकात कोयनेची वीज आली, वीज मंडळाचे खांब शिवारात शिरले, आणि आजोबांनी मोट आनंदाने माळ्यावर टाकली.

चूक झाली ती वेगळीच. टाकताना कोणी ती नीट लिहून ठेवली नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुत्या-अलुत्यांचा सगळा व्यवहार आला. मोल्सवर्थच्या कोशात मोटेच्या अंगाउपांगांची नावे सापडतात. पण सोंदूर किती लांब ठेवायचा, हे सांगणारा कागद गावात कोणाकडे नव्हता.

किर्लोस्करवाडीचा नांगर

लोखंडी नांगराची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा तोडायचे यंत्र आणि लोखंडी नांगर काढला. १९१० मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान त्यांना दिले, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. लोखंडाचा फाळ जमिनीत घातला तर जमीन नासते, विषारी होते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपवायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली म्हणतात. म्हणजे नव्या यंत्राशी अनोळखी असण्याची वेळ आधी आजोबा-पणजोबांवर आली होती.

ती अनोळख जाहिरातीने जेवढी गेली, त्याहून अधिक समजावून सांगण्याने गेली. कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाचकाच्या घरात पोहोचले. पण सुरुवात होती ती यंत्र आणि ते वापरणारा यांच्यातल्या संवादाची. नांगर, उसाचा चरक, भुईमूग फोडायचे यंत्र, पुढे पंप, या सगळ्यांचे सुटे भाग ठरीव मापाचे असत. फाळ झिजला तर त्याच मापाचा नवा बसे. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर आणि पुढे डिझेल इंजिने काढली. १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले कूपर ते हेच. या दोन कारखान्यांमुळे इथल्या गावागावांत फिटर तयार झाले. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री ही या पट्ट्याची खास पैदास.

लोखंडी नांगरही आता ट्रॅक्टरमागे हरवला. पण तो कसा जोडायचा हे कोणाला शोधायचेच असेल तर कागद आहे, माप आहे, चित्र आहे. मोटेचे तसे नाही.

शिरवळचे टंकयंत्र

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला शिरवळ. १९५५ साली गोदरेजने पहिले भारतीय टंकलेखन यंत्र काढले, त्याचे उत्पादन अखेरच्या काळात शिरवळच्या कारखान्यात होत असे. २००९ मध्ये ते थांबले आणि त्या जागी फ्रीज बनू लागले. तोपर्यंत कचेऱ्यांतले यंत्र गेलेच होते. टंकलेखनाची सरकारी परीक्षाही आता संगणकावर होते.

तरी एक गंमत पाहा. आजही सरकारी नोकरीसाठी मराठी टंकलेखन शिकणाऱ्या मुलामुलींची बोटे रेमिंग्टन मांडणीवरच फिरतात. कोणते अक्षर कुठे, हे जुन्या यंत्रातल्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत वगैरे अडचणींतून ठरले. आता दांड्या नाहीत, अडचण नाही, मांडणी मात्र जशीच्या तशी. ज्यांनी टंकयंत्राला कधी हात लावला नाही त्यांच्या बोटांत ते यंत्र शाबूत आहे. कारण सरळ आहे: परीक्षा टिकली, आणि परीक्षेबरोबर शिकवणारे वर्ग टिकले.

मिरजेची जवारी

मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकात तलवारींचा जमाना ओसरला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला घेतली. त्यांच्या वंशजांची आणि शिष्यांची दुकाने मिरजेच्या गल्लीत अजून आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळवून आणायचे, तुणीचे लाकूड घ्यायचे, गळा जोडायचा, आणि सर्वांत शेवटी जवारी काढायची.

जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीने घासून असा उतरता करायचा की तार नुसती टेकणार नाही, तिला अलगद चाटत राहील. मग एकाच तारेतून भरीव, लांबणारा सूर निघतो. तानपुऱ्यात तारेखाली सुताचा धागा घालून तो सरकवत नेमकी जागा पकडतात. केसाएवढे जास्त घासले गेले तर सूर बसतो आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून. हे माप पट्टीवर येत नाही, कानावर येते. आणि कान तयार व्हायला जाणत्या माणसाशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते.

फोनमध्ये तानपुरा आला तरी हे काम बंद पडले नाही, कारण गाणाऱ्याला खरा तानपुरा अजून लागतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल. घरातली मुले शेजारी बसतील की नाही, हे मात्र त्या कामात पोट भरेल इतके मिळते की नाही, यावरच ठरणार.

हरिपूरची पेवे

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या बाजारासाठी जमिनीत खोदलेली इथली पेवे शंभराहून अधिक वर्षे वापरात होती. तोंड अरुंद, पोट मोठे, खोली पंधरा-वीस फूट किंवा त्याहूनही अधिक. इथल्या मातीचा गुण असा की ओल आत झिरपत नसे. तोंड बंद केले की आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षे राही. २००५च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, बहुतेक पेवे निकामी झाली आणि हळद गोदामांत, शीतगृहांत गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला मानांकन मिळाले तेव्हा पेवांचा जमाना जवळजवळ संपलेला होता.

पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचे नाही, हा पहिला धडा. बराच वेळ उघडे ठेवायचे, मग दोरीने दिवा सोडून पाहायचा. विझला तर माणूसही तिथे गुदमरणार. जुन्या आडात उतरतानाही हीच रीत. आजही दर वर्षी कोणी ना कोणी बंद विहिरीत किंवा टाकीत उतरून जीव गमावल्याची बातमी येते, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. मात्र ही रीत का होती ते कळल्याशिवाय ती उचलू नये. मैल्याच्या किंवा गोबरगॅसच्या टाकीत पेटणारा वायू असतो. तिथे दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ‘आमचे आजोबा असेच करायचे’ एवढ्यावर विसंबले की जुने ज्ञानही घात करते.

नदीकाठच्या गावांत आणखी एक हुन्नर होता. पुराच्या पाण्यात गुळाची काहील होडी म्हणून लोटायची. सपाट बुडाची ती गोल भली मोठी कढई गर्रकन फिरते. तिला सरळ नेण्याचे कसब गुऱ्हाळांबरोबर ओसरत चालले आहे.

चालते ठेवायचे तर

वस्तू जपायला संग्रहालये आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या संग्रहालयात गावगाडा पुतळ्यांतून उभा केला आहे, सातारा-सांगलीच्या शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुलांना मजाही येते. पण पुतळ्याच्या हातातला दोर ना आखडतो ना सैल होतो.

जपानमध्ये इसे येथील देवस्थानाची रीत या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. तिथली लाकडी देवळे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात. मागची खेप २०१३ साली झाली, पुढची २०३३ मध्ये येईल. वीस वर्षांच्या अंतरामुळे एक सुतार आयुष्यात एकदा उमेदवार म्हणून, एकदा कारागीर म्हणून आणि नशीब असेल तर एकदा मुख्य म्हणून ते काम करतो. देऊळ जुने नाही, पण ते बांधणारे हात शेकडो वर्षांचे आहेत.

आपल्याकडे देऊळ बांधायची गरज नाही. धाव अजून शाबूत असलेली एखादी विहीर, पत्र्याची मोट, दोन दोर आणि समजूतदार बैलजोडी एवढ्यावर भागेल. तालुक्याच्या आयटीआयने किंवा एखाद्या माध्यमिक शाळेने उन्हाळ्यात दोन दिवस मोट जुंपून दाखवावी, आणि सोंदूर मुलांकडून बांधून घ्यावा. चुकू द्यावे. पाणी विहिरीत परत गेले म्हणजे दोन दोरांचे गणित कळते; तोच विज्ञानाचा तास.

आणि ज्यांच्या घरी मोट हाकलेले, गुऱ्हाळावर गुळवे म्हणून उभे राहिलेले किंवा पेवात उतरलेले कोणी असेल, त्यांनी शाळेची वाट पाहू नये. ही माणसे आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. फोन आडवा धरा आणि चेहऱ्यापेक्षा हात टिपा. ‘तेव्हाचे दिवस कसे होते’ असे विचारू नका, त्याला उत्तरे ठरलेली असतात. नाडा किती हात होता, सोंदूर कुठे गाठवायचा, बैल मागे सरला नाही तर काय करायचे, गुळाला पाक आला हे कशावरून ओळखायचे, असे विचारा. घरात सुतळी असेल तर त्यांच्या हातात द्या आणि गाठ मारून दाखवायला सांगा. चित्रीकरणाला गाव, तालुका आणि वर्ष यांचे नाव द्या, आणि एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. हे काम या दिवाळीच्या सुटीत उरका.